हुतात्मा पोलिसांचे स्मारक रुग्णालयात का असावे?

पोलीस कर्तव्यावर असताना मरण पावला की पुढचे सारे आपल्याला पाठ झालेले आहे. तिरंग्यात लपेटलेला देह, बंदुकीच्या फैरींची सलामी, 'अमर रहे'च्या घोषणा, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलेला फोटो आणि काही महिन्यांनी एखाद्या चौकाला दिलेले नाव. यात खोटे काही नसते. त्या दिवशी रडणारी माणसे खरोखरच रडत असतात. परंतु चौकातील पाटीवर दोन पावसाळ्यांत गंज चढतो, तिच्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक बांधले जातात आणि तिच्याखाली एस.टी.ची वाट पाहणाऱ्या माणसाला "हे कोण होते हो?" असे विचारले तर त्याला सांगता येत नाही. स्मारक म्हणजे आठवण करून देणारी वस्तू. तिने आठवण करून देणेच सोडले, तर उरतो तो नुसता दगड.

या लेखात मला एक साधी गोष्ट मांडायची आहे. कर्तव्य बजावताना मरण पावलेल्या पोलिसांचे स्मारक रुग्णालयात उभे राहू शकते. त्यांच्या नावाची खाट, रक्त साठविण्याची सोय, श्वास देणारे यंत्र ही पुतळ्याइतकीच, किंबहुना पुतळ्याहून मोठी आदरांजली ठरेल. आणि अशा स्मारकांची खरी निकड आपल्या शहापूर-मुरबाडसारख्या तालुक्यांत आहे. हे असे का, आणि ते कसे करावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

स्मरणाच्या दोन तारखा

दरवर्षी २१ ऑक्टोबरला देशभर पोलीस स्मृतिदिन पाळला जातो. १९५९ साली याच दिवशी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात आपले दहा पोलीस ठार झाले. पोलीस मुख्यालयांत त्या दिवशी वर्षभरात कामी आलेल्यांची नावे वाचली जातात. दिल्लीत चाणक्यपुरी येथे २०१८ साली राष्ट्रीय पोलीस स्मारकाचे उद्घाटन झाले. तेथील भिंतीवर स्वातंत्र्यानंतर कर्तव्यावर मरण पावलेल्या ३४ हजारांहून अधिक पोलिसांची नावे कोरलेली आहेत. आकडा वाचून मन सुन्न होते. परंतु मोरोशीचा किंवा डोळखांबचा माणूस दिल्लीला जाऊन ती भिंत कधी पाहणार?

आपल्या भागाला दुसरी तारीख जास्त परिचयाची आहे. ती म्हणजे २ जानेवारी. १९४३ साली या दिवशी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना इंग्रजांच्या पोलिसांनी गोळ्या घातल्या. आजही त्या दिवशी सिद्धगडावर माणसे जमतात, हुतात्म्यांना वंदन करतात. म्हणजे हुतात्म्यांची आठवण कशी ठेवावी, हे आपल्या मातीला कोणी शिकवायला नको.

येथे कोणी विचारील, की ज्या तालुक्यात पोलिसांच्या गोळीने हुतात्मे झाले, तेथे पोलिसांची स्मारके कशाला? प्रश्न रास्त आहे. आमच्या पाड्यांवरची जुनी माणसे खाकी कपडा दिसला की अजूनही वाट बदलतात, हे मी पाहिलेले आहे. परंतु १९४३ चा पोलीस परक्या सत्तेचा हुकूम पाळीत होता. आजचा शिपाई आपल्याच गावातून भरतीच्या मैदानावर धावायला गेलेला, शेतकऱ्याचा नाहीतर मजुराचा मुलगा किंवा मुलगी असते. त्याच्या हातून चूक झाली तर ती जरूर दाखवावी. पण त्याने आपल्यासाठी प्राण दिला तर तेही विसरू नये. ही दोन्ही कर्तव्ये एकाच नागरिकाची आहेत.

रुग्णालयाच्या दाराशी आलेले मरण

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आपल्यापैकी कोणाला प्रत्यक्ष आठवणारी नाही. आम्ही त्या वेळी कडेवर होतो, नाहीतर जन्मलोही नव्हतो. परंतु त्या रात्रीचा इतिहास वाचताना एक गोष्ट माझ्या मनात रुतून बसली. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे, अपर पोलीस आयुक्त अशोक कामटे आणि पोलीस निरीक्षक विजय साळसकर हे तिघे अधिकारी ज्या रंगभवनच्या गल्लीत गोळ्या लागून पडले, ती गल्ली कामा रुग्णालयाला लागून आहे. मुंबईतील जुन्या, नामांकित रुग्णालयाच्या भिंतीपाशी त्यांचे रक्त सांडले. श्री. कामटे यांच्या पत्नी विनीता कामटे यांनी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात मदत पोहोचायला लागलेल्या वेळाबद्दल प्रश्न उभे केले. त्या वादात शिरण्याचा माझा अधिकार नाही. मी त्यातून एवढेच घेतले, की जखमी माणसाच्या बाबतीत अंतर मैलांनी मोजायचे नसते, मिनिटांनी मोजायचे असते.

त्याच रात्री कामा रुग्णालयात अंजली कुलथे नावाच्या परिचारिका कामावर होत्या. दहशतवादी इमारतीत शिरले असताना त्यांनी आपल्या विभागातील वीस गरोदर स्त्रियांना एका छोट्या खोलीत हलविले आणि दिवे मालवून रात्र काढली. २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे त्यांनी ही हकीकत सांगितली. गिरगाव चौपाटीवर सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हातात फक्त लाठी असताना कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि म्हणूनच तो जिवंत सापडला. पोलीस आणि परिचारिका यांची कामे वेगळी दिसतात, पण त्या रात्री दोघांनी एकच केले. आपल्यामागे असलेल्या माणसाला वाचविण्यासाठी ते पुढे उभे राहिले. पोलिसाचे नाव रुग्णालयात शोभते ते याचसाठी.

ओंबळे, करकरे, कामटे आणि साळसकर यांना २००९ च्या प्रजासत्ताकदिनी मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. ओंबळे यांच्या केडंबे या गावी, म्हणजे सातारा जिल्ह्याच्या जावळी तालुक्यात, स्मारकासाठी राज्य शासनाने २०२५ साली १३ कोटी ४६ लाख रुपये मंजूर केले. शास्त्रज्ञांनी तर २०२१ साली कोळ्याच्या एका नव्या जातीला त्यांचे नाव दिले. हा सारा सन्मान योग्यच आहे. माझे म्हणणे एवढेच, की सन्मानाच्या या रांगेत रुग्णालयातील खाटेलाही जागा असावी.

ही कल्पना नवी नाही

मुंबई शहर आपल्या मृतांची आठवण रुग्णालयांतून ठेवत आले आहे. १८४५ साली सुरू झालेले जे. जे. रुग्णालय सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या दानातून उभे राहिले. स्त्रिया व मुले यांच्यासाठी १८८६ साली सुरू झालेले कामा रुग्णालय पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीचे फळ आहे. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, आणि पुढे १९४१ साली टाटा ट्रस्टने परळला कर्करोगाचे रुग्णालय उघडले. आज आपल्या गावातला गरीब माणूससुद्धा "टाटाला नेलंय" असे म्हणतो, तेव्हा त्याला कोणाची वंशावळ ठाऊक नसते. पण नाव त्याच्या तोंडी असते आणि त्या नावात आशा असते. याला म्हणतात स्मारक.

हुतात्मा पोलिसांच्या घरातूनही याच वाटेवर एक पाऊल पडलेले आहे. हेमंत करकरे यांच्या पत्नी कविता करकरे यांचे २०१४ च्या सप्टेंबरमध्ये मेंदूतील रक्तस्रावाने निधन झाले. तेव्हा त्यांच्या मुलांनी आईच्या अवयवदानाचा निर्णय घेतला. वडील समाजासाठी गेले, आणि आईचे जाणेही दुसऱ्यांच्या जगण्याला उपयोगी पडले. त्या कुटुंबाने न बोलता जे सांगितले ते आपण ऐकायला हवे.

शहापूर-मुरबाडच का?

मुंबईत कामी आलेल्या पोलिसाच्या नावाने शहापूरला सोय का करावी, असे कोणी म्हणेल. त्याला तीन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर पाण्याचे. तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी देत आहे आणि भातसाचे पाणीही मुंबईच जास्तीत जास्त पिते. ही दोन्ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. मुंबईवर आपले हे ऋण आहे. त्या शहराचे रक्षण करताना जे पडले त्यांच्या नावाने मुंबईच्या दात्यांनी आमच्याकडे काही उभे केले, तर ती परतफेडही होईल.

दुसरे उत्तर रस्त्यांचे. शहापुरातून मुंबई-नाशिक महामार्ग जातो, मुरबाडमधून माळशेज घाटाकडे जाणारा कल्याण-नगर रस्ता जातो, आणि ५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पाही सुरू झाला. याच महामार्गाचे काम चालू असताना ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर शहापूरजवळ सरळांबे येथे अजस्र यंत्र कोसळून वीस जण ठार झाले. रस्ते मोठे झाले की वेग वाढतो आणि वेग वाढला की अपघाताची जखमही मोठी होते. अशा ठिकाणी सर्वांत आधी पोहोचतो तो पोलीस, आणि वाहनांच्या गर्दीत उभे राहून जखमींना बाहेर काढताना त्याचाही जीव टांगणीला लागलेला असतो.

तिसरे उत्तर अंतराचे. कसाऱ्याहून कल्याण रेल्वेने ६७ किलोमीटर आहे. मुरबाडला तर अद्याप रेल्वेच नाही. नियमाप्रमाणे आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असते, त्याच्यावर तीस खाटांचे ग्रामीण रुग्णालय आणि त्याच्यावर उपजिल्हा रुग्णालय. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिकाही आलेली आहे. व्यवस्थेची शिडी आहे, परंतु गंभीर जखमी माणसाला प्रत्येक पायरीवर "पुढे न्या" असे ऐकावे लागते. आणि अपघातानंतरचा पहिला तास, ज्याला 'सुवर्ण तास' म्हणतात, तो या पायऱ्या चढण्यातच संपतो.

हे मी पुस्तकातून लिहीत नाही. माझे मोठे मामा पोलीस हवालदार होते. मी दहावीत असताना, रात्रीच्या गस्तीवर, उलटलेल्या एका टेंपोतील माणसांना बाहेर काढत असता मागून आलेल्या ट्रकने त्यांना उडविले. पहिल्या रुग्णालयात डॉक्टर होते, पण रक्त नव्हते. दुसऱ्या ठिकाणी रक्त होते, पण भूल देणारे डॉक्टर नव्हते. तिसऱ्याच्या वाटेवर मामा गेले. पहिल्या रुग्णालयातील तरुण डॉक्टर स्वतः रुग्णवाहिकेत बसून शेवटपर्यंत बरोबर आले होते, हे मी येथे मुद्दाम नमूद करते. माणसे वाईट नव्हती, साधने अपुरी होती. मामांना सलामी मिळाली, त्यांचा फोटो ठाण्याच्या भिंतीवर लागला. माझी आजी निरक्षर आहे. फोटोला हार घालून झाल्यावर ती एवढेच म्हणाली, "हाराच्या पैशात रगताची बाटली आली आसती का गं?" हा लेख लिहिताना त्या प्रश्नाचे उत्तर मी शोधत आहे.

कोणत्या सोयी?

पहिली सोय रक्त साठविण्याची. याला पूर्ण रक्तपेढी लागत नाही. मोठ्या रक्तपेढीतून तपासलेल्या पिशव्या आणून ठेवणारे रक्त साठवण केंद्र लहान रुग्णालयातही चालते. त्यासाठी २ ते ६ अंश तापमान राखणारा खास फ्रीज, अखंड वीज, गट जुळविण्याचे साहित्य आणि शिकलेला तंत्रज्ञ लागतो. पिशवी साधारण ३५ दिवस टिकते, म्हणून जुनी पिशवी वापरात आणून नवी आणण्याचे चक्र सतत चालू ठेवावे लागते. अपघातग्रस्ताइतकाच बाळंतपणात रक्त जाणाऱ्या बाईलाही याचा उपयोग आहे.

दुसरी सोय श्वासाची. आपल्याकडे पावसाळ्यात भातलावणीच्या वेळी सर्पदंश होतात. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर जाते. आधी पापण्या जड होतात, मग श्वासाचे स्नायू थकतात. सर्पविषावरील लस दिली तरी श्वास परत येईपर्यंत रोग्याला बाहेरून श्वास द्यावा लागतो. हाताने दाबायची साधी अंबू बॅग आणि ती दाबणारे शिकलेले हात असले तरी माणूस मोठ्या रुग्णालयापर्यंत तग धरतो. व्हेंटिलेटर असला तर उत्तमच.

तिसरी सोय डायलिसिसची. घोणसाच्या दंशाने काही वेळा मूत्रपिंडे बंद पडतात. मधुमेहाच्या रोग्यांचीही पडतात. अशा कायमच्या रोग्याला आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी सुमारे चार तास यंत्राला जोडून घ्यावे लागते. पाड्यावरच्या मजुराने आठवड्यातून तीनदा कल्याण गाठायचे म्हणजे औषधापेक्षा बुडालेल्या मजुरीनेच घर बसते.

परंतु यंत्राइतकेच ज्ञानही मोलाचे असते. शेजारच्या रायगड जिल्ह्यात महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे साधे औषध उपयोगी पडते हे दाखवून दिले आणि असंख्य जीव वाचविले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणून एखाद्या हुतात्म्याच्या नावाने परिचारिकांसाठी प्रशिक्षणाचा वर्ग चालविला, तर तेही स्मारकच होय.

पैसा आणि पथ्ये

दात्याने आधी यंत्र विकत घेऊन मग जागा शोधू नये. प्रथम वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारावे, की तुमच्याकडे कशावाचून माणूस पुढे पाठवावा लागतो? सरकारी रुग्णालयांत रुग्ण कल्याण समित्या आहेत. लेखी करार त्यांच्याशी करावा. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना आपल्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. मुरबाडला औद्योगिक वसाहत आहे, आसनगावच्या परिसरात कारखाने आहेत. पैसा अगदीच दूर नाही.

सर्वांत महत्त्वाचे पथ्य म्हणजे उद्घाटनानंतरचे दिवस. यंत्र एकदाच घ्यावे लागते, पण तंत्रज्ञाचा पगार, दुरुस्ती आणि विजेचा पर्यायी पुरवठा दरमहा लागतो. म्हणून देणगीतील मोठा भाग ठेवीत गुंतवावा आणि तिच्या व्याजातून खर्च चालावा. बंद पडलेल्या यंत्रावर हुतात्म्याचे नाव राहणे हा त्याचा दुसऱ्यांदा झालेला मृत्यू होय.

"हे सारे शासनाचे काम, देणगी कशाला?" असाही आक्षेप येईल. शासनाचे काम शासनानेच करावे आणि ते होत नसेल तर आपण जाबही विचारावा. देणगीने शासनाची जबाबदारी कमी होऊ नये, तिच्यात भर पडावी. शिवाय शासनाने बांधलेल्या वॉर्डाला क्रमांक असतो. लोकांनी वर्गणीतून उभ्या केलेल्या खाटेला आठवण असते.

आणि नाव लिहायचे ते केवळ अशोकचक्र मिळालेल्यांचेच नसावे. करोनाच्या साथीत महाराष्ट्रातील शेकडो पोलीस बंदोबस्त करता करता मरण पावले. त्यांना गोळी लागली नाही, एवढ्याने ते मरण लहान होत नाही. खाटेच्या डोक्याशी नाव, गाव, हुद्दा आणि ते कशामुळे गेले याच्या दोन ओळी असाव्यात. रोग्याच्या उशाशी बसलेल्या माणसाला वाचायला भरपूर वेळ असतो. जो कधी पोलिसाला पाहून वाट बदलत होता, तो कदाचित त्या दोन ओळी वाचील, आणि आपल्या पोराला नवा जीव मिळाला ती खाट कोणाच्या नावाची होती हे जन्मभर सांगत राहील.

आपण काय करू शकतो?

आपल्यापाशी कोट्यवधी रुपये नाहीत. आपल्यापैकी कित्येकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारे आपणच पहिले आहोत, फी भरतानाच वडिलांची ओढाताण होते. परंतु आपल्यापाशी रक्त आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या, किमान ४५ किलो वजनाच्या निरोगी व्यक्तीला रक्तदान करता येते. पुरुषांना तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा करता येते. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर आपण दरवर्षी घेतोच. २१ ऑक्टोबर आणि २६ नोव्हेंबर या दोन तारखांना हुतात्मा पोलिसांच्या नावाने रक्तदान ठेवावे, आणि जवळच्या पोलीस ठाण्यातील कर्मचाऱ्यांनाही बोलवावे. २६ नोव्हेंबर हा संविधान दिनही आहे. नागरिक आणि पोलीस यांचे रक्त त्या दिवशी एकाच पेटीतून रक्तपेढीत जावे, याहून संविधानाचा चांगला पाठ कोणता?

शिबिरासोबत आपापल्या गावातील कर्तव्यावर गेलेल्या पोलिसांची माहिती गोळा करावी, त्यांच्या घरच्यांची संमती घेऊन ती लिहून ठेवावी. उद्या कोणी दाता पुढे आला तर नावे तयार असतील.

आजीच्या प्रश्नाचे उत्तर मला आता देता येते. हाराच्या पैशात रक्ताची पिशवी येत नाही, कारण रक्त कारखान्यात तयार होत नाही. ते माणसानेच द्यावे लागते. परंतु ते टिकवणारा फ्रीज, तो चालविणारी वीज आणि रात्री दोन वाजता तो उघडणारा माणूस, हे सारे वर्गणीतून नक्की येऊ शकते. चौथऱ्यासाठी जमणाऱ्या रकमेतील निम्मी रक्कम जरी आपण तिकडे वळविली, तरी पुढच्या हवालदाराला तिसऱ्या रुग्णालयाची वाट धरावी लागणार नाही.

(द्वितीय वर्ष, कला)